खुणेच्या फडक्यात

रविवार, १६ मार्च

काय झाले ते आधी क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. शिमग्यात आमच्या गावची पालखी खूण काढते. खूण म्हणजे लाल फडक्यात बांधलेला नारळ. ज्या घराची पाळी असेल त्या घरातला कर्ता माणूस तो एकटा नेऊन सहाणेसमोरच्या, म्हणजे पालखी टेकवतात त्या चौथऱ्यासमोरच्या, मळ्यात पुरतो आणि जागा कोणाला सांगत नाही. मग पालखी खांद्यांवर नाचत मळ्यात फिरते. तिचा दांडा जिथे टेकतो तिथे खणतात. खूण निघाली नाही, तर पुरणाऱ्याने पुढे येऊन जागा दाखवायची.

२. यंदा पाळी आमच्या घराची. शुक्रवारी गुरवाकडून फडक्यातला नारळ गावातल्या अजिंक्यने आमच्या घरी आणून दिला. बाबांनी त्याला वरून सुतळी बांधली. शनिवारी सकाळी नेऊन पुरला.

३. शनिवारी दुपारी पालखीने खूण काढली. पहिल्या फेरीत नाही, दुसरीत. पुढचा खांदा अजिंक्यचा होता.

४. दरवर्षी सुतळी सोडून नारळ फडक्यासकट देवीला दाखवतात आणि तसाच पाळीच्या घरी परत देतात. यंदा सुतळीची गाठ सुटेना. धोंडूकाकांनी (आमच्या गावचे मुख्य मानकरी) ती कोयतीने कापली. त्यात फडके फाटले आणि एक पांढरी चकती खाली पडली. रुपयाहून थोडी मोठी.

५. चकती म्हणजे ब्लूटूथ टॅग. किल्ल्यांना, बॅगेला लावतात. जवळपास असेल तर फोनवर तिचा पत्ता लागतो.

६. अजिंक्यचे जयगडला मोबाइलचे दुकान आहे. असे टॅग आमच्या भागात फक्त त्याच्याकडे मिळतात.

७. त्यामुळे लोकांचे तिथल्या तिथे ठरले. नारळ आणताना अजिंक्यने टॅग फडक्यात सरकवला आणि खिशातल्या फोनच्या इशाऱ्यावर पालखी तिथे नेली.

८. टॅग माझा आहे. तो मी घातला. अजिंक्यला माहीत नव्हते, बाबांनाही नाही. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

आता कारण. बाबांच्या लक्षात राहत नाही. आयुष्यभर ते जहाजावर होते, शेवटची अनेक वर्षे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. खाडीच्या तोंडाशी वाळू कुठे सरकली आहे ते अजूनही होडीवाले त्यांना विचारायला येतात. त्याचे उत्तर ते बरोबर देतात. पण दिवाळीपासून सकाळचे दुपारी आठवत नाही. जानेवारीत भाट्याच्या पुलावर उभे राहिले आणि आपण कोणत्या बाजूला निघालो होतो ते त्यांना सांगता येईना. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. आईने ते नाव घरात उच्चारायचे नाही असे ठरवले. घराबाहेर तर नाहीच.

पाळी नाकारता आली असती, पण नाकारायला कारण द्यावे लागते.

मी हिशेब केला. पालखीला खूण मिळाली नाही तर बाबांना जागा दाखवायला बोलावतील आणि साऱ्या गावासमोर ते मळ्यात उभे राहतील. म्हणून शनिवारी ते अंघोळीला गेल्यावर मी सुतळी सोडली, फडक्याच्या घडीत टॅग सरकवला, पुन्हा बांधली. पालखीने काढली तर नारळ घरीच येणार होता. नाही काढली तर मी मळ्यात फिरून जागा शोधणार होते आणि बाबांच्या कानात सांगणार होते. योजनेत दोष दिसत नव्हता. गाठीचा विचार मी केला नव्हता.

संध्याकाळी सहाणेवर बैठक आहे.


सोमवार, १७ मार्च

बैठकीत बायका कडेला उभ्या राहतात. तिथून सगळे ऐकू येते.

सुरुवातीलाच पोरांमधला दर्शन म्हणाला, "आता देवीच्या पालखीला चार्जिंगचा पॉइंट पण द्या." काही जण हसले.

"जीभ आवर," धोंडूकाका म्हणाले. त्यांचा चेहरा दोन दिवसांत उतरला आहे. "अजिंक्या, तू बोल."

अजिंक्य उभा राहिला. "काका, माझ्याकडं फोनच नव्हता. खांदा घेण्याआधी फोन नि पाकीट मी रावजीकाकांकडं दिलं. ते तिथंच बसलेत, विचारा."

सगळे बाबांकडे वळले. बाबा चौथऱ्याच्या कडेला बसले होते.

"माझ्याकडं?" बाबा म्हणाले. "नाय बा. मला कशाला देशील तू?"

"काका, तुम्ही बंडीच्या आतल्या खिशात ठेवलात. वर म्हणालात, पाकिटात बायकोचा फोटो हाय काय बघतो."

"तुझं लगीन कधी झालं मेल्या? आमाला बोलावलं पण नाय!"

लोक हसले. बाबाही हसले. अजिंक्य हसला नाही. तो बाबांकडे बघत राहिला. मग त्याने कडेला माझ्याकडे पाहिले, पुन्हा बाबांकडे.

"नाय," तो म्हणाला. "चुकलो. दुसऱ्या कुणाकडं दिला असंल."

"कुणाकडं?"

"आठवत नाय."

"कालची गोष्ट आठवत नाय तुला?" धोंडूकाकांचा आवाज चढला. "जवान पोरगा तू!"

"नाय आठवत, काका. काय करू?"

ठरले ते असे. पुढच्या रविवारपर्यंत त्याचा खांदा बंद. रविवारी कायमचे ठरवायचे. त्याच्या वडिलांनंतर तो पुढचा दांडा त्याच्याकडे आला होता. गेला तर घराण्यातून गेला.

त्याने विधान का बदलले ते मला नीट कळलेले नाही. पहिले विधान खरे असेल तर त्याला ते धरून ठेवता आले असते. इतक्या लोकांसमोर माणूस गोंधळतो, असे धरते. फोन देताना मी तिथे नव्हते, आईला आणायला घरी गेले होते.

 घरी परतल्यावर आई म्हणाली, "तू गप राहा हां मृणाली. पोरगा तरुण हाय. उद्या लोक विसरतील."

टॅगचे मी आईला सांगितले नव्हते. तिला कळले आहे की काय, ते विचारले नाही.


मंगळवार, १८ मार्च

सकाळी बाबांनी विचारले, खूण कधी आहे. झाली म्हटले. "सापडली?" हो म्हटले. "बरं."

मग ओटीवर सुतळी घेऊन बसले. गाठ मारतात, बघतात, सोडतात, पुन्हा मारतात. तीन दिवस हेच चालले आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायचे: एकच हालचाल पुनःपुन्हा.


बुधवार, १९ मार्च

रत्नागिरीला ऑफिसात. शीतगृहांसाठीचे ब्लूटूथ सेन्सर आम्ही तपासतो. दारे बंद असताना सिग्नल किती क्षीण होतो, पेट्या एकावर एक रचल्या की काय होते, असे माझे काम. त्यासाठी माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप आहे. आजूबाजूचे प्रत्येक ब्लूटूथ उपकरण आणि त्याच्या सिग्नलचा जोर ते सतत नोंदवत राहते. शनिवारी दुपारी ते चालू होते. टॅगसाठी मीच चालू ठेवले होते.

आज जेवणाच्या सुट्टीत ती नोंद काढून पाहिली.

टॅग: पालखी फिरत होती तो पूर्ण वेळ काहीही नाही. ओली माती आणि जांभ्याचे चिरे यांतून सिग्नल वर आलाच नव्हता. खणून फडके वर आले तेव्हा पहिली नोंद. म्हणजे माझ्या योजनेचा काही उपयोग नव्हता. पालखीला खूण मिळाली नसती तर मलाही मिळाली नसती.

दुसरी गोष्ट मी शोधत नव्हते. बहुतेक फोन आपले नाव लपवून ठेवतात. अजिंक्यचा लपवत नाही. गिऱ्हाइकांचे फोटो, संपर्क इकडून तिकडे टाकायला तो कायम उघडा असतो. 'अजिंक्य मोबाइल जयगड' हे नाव नोंदीत आहे. मी बाबांच्या शेजारी येऊन बसल्यापासून गोंधळ संपेपर्यंत त्याचा सिग्नल सर्वांत जोरकस आहे. पालखी मळ्याच्या त्या टोकाला गेली तेव्हाही तितकाच. इतका जोर हातभर अंतरावरच मिळतो.

फोन बाबांच्या बंडीत होता. अजिंक्य खरे बोलत होता.

पुरावा म्हणून हे स्वच्छ आहे. पण दाखवला तर पहिला प्रश्न येईल: मग रावजी नाही का म्हणाला? बाबा खोटे बोलत नाहीत हे गावाला माहीत आहे. उरणारे उत्तर एकच.

एसटीत झोप लागली. चाफे गावाच्या स्टॉपला कंडक्टरने उठवले.


गुरुवार, २० मार्च

सुट्टी घेतली. डोके दुखत होते.

दुपारी अजिंक्यची आई आली. मथुराकाकू. दारातच बसल्या, आत येईनात. आई पाणी घेऊन गेली. मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर होते. दार उघडे होते.

"सावित्री, तुला एकच विचारते. रावजीदादांकडं फोन व्हता काय?"

"ते म्हणाले ना गो बैठकीत. नाय म्हणून."

"मी तुला विचारते."

"मला काय ठावं? मी नंतर आले."

आईने पेला उंबऱ्यावर ठेवला.

"पोरं त्याला ब्लूटूथ म्हणायला लागलीत," काकू म्हणाल्या. "दुकानावरनं जाताना आरडतात, ए ब्लूटूथ, कनेक्ट हो. तो पण हसतो त्यांच्याबरोबर. घरी येतो नि जेवत नाय. त्याच्या बापाच्या खांद्याला घट्टा पडला व्हता त्या दांड्याचा. जळताना पण दिसत व्हता मला."

"पाणी घे गो."

"नको. तुझ्याकडचं पाणी आज नको."

पेला तसाच उंबऱ्यावर राहिला. बाबा ओटीवरून म्हणाले, "मथुरा, झिलगा कुठाय तुझा? पालखीला दिसला नाय." त्यांनी हे सहज विचारले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या हातातल्या सुतळीकडे पाहिले. पदर तोंडाला लावून उठून गेल्या.

त्या गेल्यावर आईने पेल्यातले पाणी तुळशीत ओतले आणि मला म्हणाली, "बघत काय बसलीस? काम कर तुझं."

माझ्याकडे चार पर्याय आहेत. गप्प राहणे. पुरावा दाखवणे. टॅग माझा आहे एवढेच सांगणे आणि कारण विचारले तर प्रयोग होता म्हणणे. अजिंक्यशी बोलणे. चौथ्याने काही सुटत नाही, पण तो सर्वांत आधी करायला हवा.


शुक्रवार, २१ मार्च

जयगडला गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. तो कोणाच्या तरी फोनची चार्जिंगची जागा ब्रशने साफ करत होता. मान वर केली नाही.

"ये. स्टूल डगमगतंय, भिंतीकडनं बस."

"कामाचं बोलायला आले आहे."

"तू दुसरं कधी बोललीस?"

मी बसले. "टॅग कोणाचा आहे ते तुला माहीत आहे."

"दोनच विकलेत मी. दोन्ही तुलाच. एक तुझ्या किल्ल्यांना, एक काकांच्या. बाकीचे ते लोंबतायत बघ. लोक म्हणतात, वस्तू शोधायला घरात बायको हाय, चकती कशाला?"

"मग बैठकीत का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? रावजीकाकांच्या घरातनं आला म्हणून? लगेच पुढचा प्रश्न, कशाला घातला?" त्याने फोनमध्ये फुंकर मारली. "मला आधी कळलं नाय कशाला ते. मग काका माझ्या लग्नाचं बोलले नि कळलं. कधीपासून होतंय असं?"

मी फोन उघडून नोंद शोधू लागले.

"बरं. नको सांगू."

मी त्याला फोनवरची नोंद दाखवली. त्याला ती समजावून द्यावी लागली नाही.

"म्हणजे मी सुटलो," तो म्हणाला.

"दाखवली तर."

"हं. दाखवली तर."

"मला विचार करायला वेळ हवा आहे."

आता त्याने मान वर केली. "घे की. त्या वेळी पण विचार करून सांगते म्हणालीस. तीन पावसाळे झाले. मी काय घाई केली?"

लग्नाच्या त्या जुन्या गोष्टीचा इथे संबंध नव्हता. तसे मी म्हणाले.

"नाय, खरंच नाय," तो म्हणाला. "हे बघ मृणाली, मी काकांचं नाव घेणार नाय. तुझं पण नाय. तू काय ते ठरव. रविवारच्या बैठकीला मी येत नाय, खेडला ताईकडं जातोय. तिथं मला कोण कनेक्ट हो म्हणत नाय."

नाव घेणार नाही असे सांगून त्याने निर्णय पूर्णपणे माझ्यावर टाकला आहे. हा दबाव टाकण्याचा एक प्रकार आहे. तो मला आवडलेला नाही.

निघताना त्याने माझ्या किल्ल्यांचा टॅग मागून घेतला, उघडला, बॅटरी बदलून दिली. पैसे विचारले तर म्हणाला, जा.


शनिवार, २२ मार्च

ठरवले. तिसरा पर्याय. उद्या धोंडूकाकांना सांगायचे की टॅग मी घातला, प्रयोग म्हणून, मातीतून सिग्नल येतो का ते पाहायला. माझ्या कामाशी जुळते, म्हणून पटेल. लोक मला नावे ठेवतील, त्याला हरकत नाही. अजिंक्य सुटेल आणि बाबांचा विषयच निघणार नाही. फोनची नोंद दाखवायची नाही.

हे ठरवून बाहेर आले तर बाबा ओटीवर सुतळी घेऊन बसलेले. सकाळपासून त्यांचे डोळे आज स्वच्छ होते. अशा दिवशी ते जुने बाबा असतात.

"बस गो," म्हणाले. "ही बघ. ही गाठ बरोबर हाय?"

"मला गाठींतलं कळत नाही, बाबा."

"ही ओढली की घट्ट बसते. हे टोक खेचलं की एका झटक्यात सुटते. वादळात दोर सोडायचा असला तर कोयती शोधायला वेळ कुठं? चाळीस वर्षं मी हीच मारली. दुसरी माझ्या हातानं पडत नाय." त्यांनी ती सोडून दाखवली. "त्या दिवशी नारळ पुरायला नेला, खड्ड्यात ठेवला नि बघतो तर गाठ भलतीच. एकावर एक दोन साध्या गाठी. पोरं पतंगाला मारतात तशी."

त्यांनी सुतळी पुन्हा हातात घेतली.

"तिथंच बसलो मी खड्ड्याशी. म्हटलं, रावजी, बायकोचं नाव विसरशील, घर विसरशील, ते डॉक्टर म्हणालाच व्हता. पण गाठ? हात पण विसरले? त्या दिवसापासून मारून बघतोय. अजून तरी बरोबर पडते. मग त्या दिवशीच काय झालं, तेवढं कळत नाय."

डॉक्टर म्हणाले ते बाबांना माहीत आहे, हे मला माहीत नव्हते. त्यांच्यासमोर आम्ही कधीही त्यावर बोललो नाही.

मी म्हटले, "ती गाठ तुमची नव्हती. मी मारली."

मग सगळे सांगितले. टॅग, फडके, फोन, अजिंक्य. बोलायला वेळ लागला. 

ते बराच वेळ सुतळीकडे बघत होते. मला वाटले धागा सुटला. मग म्हणाले, "म्हणजे हात शाबूत हायत."

"हो."

"मग आठ दिवस सांगितलं नायस ते?" ओरडले नाहीत. "मला विचारायचं तरी. रावजी, जागा आठवंल काय, म्हणून. नाय आठवणार म्हणालो असतो. धोंड्याला सांगितलं असतं, दुसऱ्याला दे पाळी. त्यात काय?"

"आई म्हणाली, घराबाहेर जायला नको."

"तुझी आई माझी अब्रू सांभाळते. तू पण सांभाळतेस. नि त्याचा दंड मथुराचा पोरगा भरतोय." त्यांनी सुतळी गुंडाळली. "उद्या मी बोलणार. तू प्रयोग-बियोग काय सांगायचं नाय. फक्त मी विसरलो तर आठवण कर."

प्रयोगाचेही मी सांगून टाकले होते, हे आत्ता लिहिताना लक्षात आले.


सोमवार, २४ मार्च

काल दुपारपर्यंत बाबांना बैठकीचे आठवत होते. निघताना त्यांनी विचारले, कुठे जातोय. मी सांगितले. आई मागच्या दारी बसून राहिली, आली नाही.

धोंडूकाकांनी विषय काढला. दर्शनने कोणीतरी छापून आणलेली बातमी वाचायला घेतली, असल्या टॅगने मुंबईत चोरीची गाडी सापडली ती. बाबा उठले.

"मला बोलायचंय," म्हणाले, आणि बोलू लागले ते बसऱ्याच्या बंदराबद्दल. तिथे एकदा नांगर कसा अडकला, कप्तान कसा घाबरला. लोक आदराने ऐकत होते. मग एकमेकांकडे बघू लागले. दर्शनने तोंडावर हात धरला. मी बायकांमधून निघून पुढे गेले. चौथऱ्याजवळ आजवर कधी गेले नव्हते.

"बाबा. फोनचं."

ते थांबले. माझ्याकडे पाहिले. "होय. फोन." मग लोकांकडे वळले. "बघितलंत? असं होतं माझं. आत्ता सांगायला आलो नि गेलो बसऱ्याला. दिवाळीपासून हाय. तर तो फोन. अजिंक्या म्हणतो माझ्याकडं व्हता. मला आठवत नाय. पण माझ्या पोरीचं यंत्र म्हणतं, व्हता. नि तो पोरगा म्हणतो, व्हता. दोघं खोटं बोलणारे नाय. तर व्हता. खोटं बोललं असंल तर माझं डोकं."

कोणी हसले नाही. दर्शनने हातातला कागद घडी करून खिशात घातला.

मग मी सांगितले. टॅग माझा, घातला मी, अजिंक्यने नारळ दिल्यानंतर. कारणही. नोंद दाखवली, पण ती कोणी नीट पाहिली नाही. बाबा बोलले होते तेवढे त्यांना पुरले होते.

धोंडूकाकांनी एकच प्रश्न विचारला. "मृणाली, खरं सांग. त्या चकतीवर पालखी चालली काय?"

"नाही. मातीखाली असताना ती माझ्या फोनलासुद्धा दिसत नव्हती. वर आल्यावर दिसली."

"मग पालखी तिथं गेली कशी?"

"ते मला माहीत नाही."

"एवढं शिकून?"

"हो."

ते मागे टेकून बसले. आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी पानाची चंची उघडली. बाबांना म्हणाले, "बस रे रावजी. बसऱ्याला मग काय झालं, नांगर निघाला काय?"

ठराव: अजिंक्यचा खांदा अजिंक्यचाच. मी देवीपुढे चूक कबूल केल्याचा नारळ ठेवायचा. तो आज सकाळी ठेवला.

उठताना मथुराकाकू उभ्या राहिल्या. "आठ दिवस माझ्या पोराला चोर म्हटलंत. आता फिरलात म्हणून तो उड्या मारत येईल, असं समजू नका. ज्याला सांगायचं त्यानं जाऊन सांगा." सगळ्यांना उद्देशून बोलल्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

आई अजून माझ्याशी बोलत नाही. रात्रीच्या भाकऱ्या मात्र तिने माझ्या वाटच्या झाकून ठेवल्या होत्या.


मंगळवार, २५ मार्च

अजिंक्य खेडलाच आहे. धोंडूकाकांनी काल त्याला फोन केला होता. तो म्हणाला म्हणे, बरं झालं काका, दुसरा कोण तरी घ्या पुढं, माझा खांदा दुखतो.

पालखी रविवारी, पाडव्याला, देवळात चढते. त्यानंतर वर्षभर खाली येत नाही. धोंडूकाका म्हणाले की पुढच्या दांड्याला माणूस शुक्रवारी ठरवावा लागेल. तोपर्यंत जागा रिकामी ठेवतो.

बाबांनी आज काही विचारले नाही. सुतळी खुंटीला टांगलेली आहे. दुपारी दोन होडीवाले आले होते. त्यांना बाबांनी वाळूचे सांगितले आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "कोण व्हते गो?"

ऑफिसात काम झाले नाही. अजिंक्यला संदेश लिहीत होते. पहिला मसुदा फार लांब होता. त्यात कारणे होती, ती त्याला माहीत आहेत. काढला. दुसऱ्यात शुक्रवारी दुकानात तो जे बोलला त्याचे उत्तर होते. मी तेव्हा त्याला दबाव म्हटले होते, ते चुकीचे निदान होते. तेही या संदेशातून काढले. ते समोर बोलायला हवे. तिसरा चार ओळींचा झाला. त्यात 'बाबा विचारत आहेत' असे होते. पाठवण्याआधी पुन्हा वाचला. बाबांनी विचारलेले नाही. ती ओळ दुरुस्त केली आणि पाठवला. पाठवला तो असा:

अजिंक्य, टॅग मी घातला होता हे बैठकीत सांगितले. आठ दिवस उशिरा सांगितले. पालखी रविवारी देवळात चढते, पुढचा दांडा तुझ्यासाठी रिकामा ठेवला आहे. तू येणार का, हे मी विचारते आहे. शुक्रवार, २८ तारखेपर्यंत कळव.